दातातला दोरा

सोलापुरात रंगमंचावर सिस्टर व्हायचं असेल, तर देवाच्या आधी मामांची परवानगी लागायची. अख्ख्या शहरात सिस्टरचा, म्हणजे ननचा, खराखुरा झगा एकच होता आणि तो मामांच्या ड्रेपरीच्या दुकानात होता. ड्रेपरी म्हणजे नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगना कपडे भाड्यानं द्यायचं दुकान. तिथे राजे दोरीवर वाळत असायचे, मारुतीच्या शेपट्या खिळ्याला लटकायच्या आणि दाढ्या बरणीत असायच्या. सिस्टर मात्र लोखंडी कपाटात, सगळ्यात वरच्या खणात, कडुनिंबाच्या पाल्यात. त्या कपाटाची किल्ली मामांच्या जानव्याला बांधलेली होती. आंघोळीलासुद्धा ती सुटत नाही, असं मामी कपाळाला हात लावून सांगायच्या.

मामांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तरी ते रागावायला नाहीत, गेल्या उन्हाळ्यात ते गेले. पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं, नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांच्या आडनावावर माझी जीभ अजून अडखळते. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू घर. वडील मागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. मामा घरात तेलुगू बोलत, दुकानात मराठी, आणि रागात दोन्ही एकदम.

किडकिडीत माणूस. सदऱ्याच्या कॉलरला कायम एक सुई खुपसलेली आणि तिच्यातून दोरा लोंबत असलेला. गळ्यात मापाची टेप, पण माप मात्र वितीनं घ्यायचे. एकदा मी विचारलं, "मामा, मग टेप कशाला?" तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला बरं वाटतंय." मला वाटतं, त्यांच्या सत्तरएक वर्षांच्या आयुष्यात गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून केलेली ही एकमेव गोष्ट असावी. बाकी सगळा वेळ ते गिऱ्हाइकाला परत पाठवायच्या खटपटीत असत.

त्यांची परीक्षा ठरलेली होती. कपडे न्यायला कुणीही येवो, कॉलेजचा पोरगा असो की ऑफिसातला साहेब, मामा आधी कपडा अंगावर चढवायचे आणि मग एकच वाक्य बोलायचे.

"बसून दाखवा."

"उभा राहून दाखवतो की," माणूस म्हणायचा.

"उबं ऱ्हायला काय, खांब बी उबा ऱ्हातोय. बसा."

मग बिचारा राजा त्या डुगडुगत्या स्टुलावर बसायचा, आणि बसताना जर त्यानं झग्याखालचा पायजमा वर ओढला किंवा पाय दुमडून घेतले, तर मामा मुकुट काढून घ्यायचे. एका बँकेच्या मॅनेजरना त्यांनी तीन वेळा बसवलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "साहेब, तुमी राजा न्हाय. तुमी कॅशियर. पर प्रधान जमंल तुमास्नी." मॅनेजर चिडले, पण प्रधान झाले, आणि त्या नाटकात लोकांना फक्त प्रधान आवडला. पुढे ते रिटायर होईपर्यंत स्वतःची ओळख 'प्रधान' अशीच करून देत होते.

नाटकाच्या दिवशी मामा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसायचे. नाटक बघायला नव्हे, कपडे बघायला. एकदा आमच्या एका ऐतिहासिक नाटकात सेनापती रणांगणावर मरत होता. मरता मरता मोठं भाषण होतं, आणि भाषणाबरोबर त्याचं धोतर सैल होत चाललं होतं. मामा उठले, बाजूच्या पायऱ्यांनी रंगमंचावर चढले, सेनापतीला एका कुशीवर वळवलं, निरी खोचली, कॉलरची सुई काढून दोन टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि परत येऊन जागेवर बसले. सेनापती मग निर्धास्त मेला. टाळ्या मामांना पडल्या, आणि त्या पडल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. शेजारच्याला म्हणत होते, "नाडा दिलंवता, बांधला न्हाय बगा."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती त्या सिस्टरच्या झग्यासाठी. तेव्हा मी एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते, तिशीत होते आणि सहा वर्षं गाणं शिकलेली होते. या शेवटच्या गोष्टीचा मला जरा जास्तच गर्व होता. आमच्या हौशी मंडळानं नाट्यस्पर्धेसाठी गाणाऱ्या सिस्टरवरचं नाटक घेतलं होतं आणि सिस्टर मी होते.

ही गाणारी सिस्टर म्हणजे कुणी कवीच्या डोक्यातली नव्हे. पासष्ट वर्षांपूर्वी ती दक्षिणेकडून इथल्या मिशनच्या दवाखान्यात आली होती. वय पंचविशीचं. पूर्व भागातल्या विडीवाल्या बायकांमध्ये ती फिरायची, पोरांना औषध द्यायची आणि गायची. दहा-एक वर्षांनी तिची बदली झाली, ती गेली. पण तिचं गाणं मागे राहिलं. वाट चुकलेल्या वासराला घरी बोलावणारं तेलुगू गाणं. "रा... नल्ल दूडा, इंटिकी रा." म्हणजे ये... काळ्या वासरा, घरी ये. त्यातल्या पहिल्या 'रा'नंतर एक जागा आहे. रिकामी. चांगली दोन श्वास थांबेल एवढी. पूर्व भागातल्या बायका आजही पोराला झोळीत घालून हे गाणं म्हणतात तेव्हा त्या जागेशी थांबतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, बाई पुढचं विसरली. आणि मग ती पुढचं म्हणते.

त्या रिकाम्या जागेनं भल्याभल्यांची झोप उडवली.

पहिले आमचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी सिस्टरवर पुस्तक लिहिलं. त्या जागेवर त्यांचं एक आख्खं प्रकरण आहे. त्यांच्या मते सिस्टर तिथे परमेश्वराच्या उत्तराची वाट बघत असे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चित्रकारानं सिस्टरच्या हातात गिटार दिली. गाणारी सिस्टर म्हटल्यावर गिटार आलीच, असं त्याला वाटलं असावं. मामांनी ते पुस्तक विकत घेऊन दुकानात ठेवलं होतं आणि आल्यागेल्याला मुखपृष्ठ दाखवून विचारायचे, "गिटार कुटनं आली सांगा की. आमच्या गल्लीत गिटार? बकरी खाऊन टाकली आसती."

त्या पुस्तकावरून आमच्या दिग्दर्शकांनी नाटक बसवलं. ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि सगळ्या गोष्टींत खोल पाणी शोधायचे. ते म्हणाले, परमेश्वर ठीक आहे, पण तिकडे तिनं मागे सोडलेला कुणीतरी माणूस असणार. तरुण मुलगी, घरदार सोडून इतक्या लांब येते, आणि 'ये' म्हटल्यावर तिचा गळा दाटतो. झालं, नाटकात एक प्रियकर आला, त्याला रेल्वेत नोकरी लागली आणि त्या रिकाम्या जागेला निळा प्रकाश लागला.

मी दुकानात गेले तेव्हा मामा एका परीच्या पंखाला डिंक लावत होते. मी म्हटलं, सिस्टरचा ड्रेस पाहिजे. त्यांनी पंख खाली ठेवला.

"गाऊन दाखव, पोरी."

बसायच्या आधी गाणं? हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गायले. जागा आली, तिथे थांबले, आणि मनातल्या मनात त्या रेल्वेतल्या माणसाला आठवून डोळे मिटले.

"डोळे कशाला मिटलीस?"

मी दिग्दर्शकांचा प्रियकर सांगितला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बस."

मी स्टुलावर बसले. पाठ ताठ, हात मांडीवर जुळवलेले, मान किंचित कललेली. सिनेमात सिस्टर बसतात तशी.

"न्हाय," मामा म्हणाले. "खाली बस."

मी साडी सावरत फरशीवर मांडी घालून बसले. त्यांनी आतून एक सूप आणून माझ्या मांडीवर ठेवलं. सुपात तंबाखू नव्हती, पण वास होता. आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते ना प्राध्यापकांच्या पुस्तकात होतं, ना आमच्या नाटकात.

"सिस्टर आली तवा बायका तिच्यापाशी बसंनात. हजार विडी वळायची रोजची, गाणं ऐकायला कुनाला येळ हाय? मग तीच सूप घेऊन बसली आमच्या उंबऱ्यात. आमच्या अम्माच्या शेजारी. विडी वळायला शिकली. लई वाईट वळायची. तिची निम्मी विडी कारखान्यात छाटून फेकायचे, अम्मा तिला आपल्यातली द्यायची. आणि वळता वळता गायची. विडीला दोरा बांधायचा तवा दोरा दातात धरायचा आसतोय, हात दोनच की. तोंडात दोरा आसल्यावर गानार कसं? म्हनून थांबायची. दोरा तुटला की फुडं. देव न्हाय, प्रियकर न्हाय, काय न्हाय. दातात दोरा हाय."

तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते. उंबऱ्यासमोर बसून सिस्टरच्या तोंडाकडे बघायचे, कारण पांढऱ्या कपड्यातली बाई आईसारखी विडी वळते याची गंमत वाटायची. बदली झाली तेव्हा सिस्टरनं आपला एक झगा आईला दिला, पोरांचे सदरे शीव म्हणून. आईनं कात्री लावली नाही. दोन वर्षांनी खोकल्यानं आई गेली आणि झगा राहिला. त्याच्या मांडीवर तंबाखूचा तपकिरी डाग आहे. तो धुवायचा नाही, ही मामांची पहिली अट. दुसरी अट अशी, की मांडीवर सूप आणि दातात दोरा घेऊनच गायचं.

"माजं डोळं मिटायच्या आत एकदा तरी ती होती तशी दिसली पायजे," ते म्हणाले. "तिला बगितलेली मानसं आता किती ऱ्हायली? एकेक करून चाललीत. आमी गेलो की ती गिटार घेऊन बसनार कायमची."

मी शब्द दिला. दिग्दर्शकांनीही मान डोलावली. तालमीत मी सूप घेऊन बसले, दोरा दातात धरला, आणि खरं सांगते, ते मला मनापासून आवडलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी मेकअपला बसल्यावर दिग्दर्शक आले. म्हणाले, सूप ठेवू, पण दोरा नको. परीक्षकांना वाटेल नटी अडखळली. आणि तुझा गळा एवढा तयार आहे, तर ती जागा रिकामी का सोडायची? तिथे एक छोटी तान घे. मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यांनी मला हवं होतं तेच सांगितलं होतं, हे मी आज कबूल करते. परीक्षकांत एक नावाजलेले गायक होते आणि माझं लक्ष तिसऱ्या रांगेपेक्षा पहिल्या रांगेकडे होतं.

मी तान घेतली. सुरेख घेतली. टाळी आली. गाण्याचं बक्षीसही मलाच मिळालं, तो चांदीचा करंडक अजून माझ्या शोकेसमध्ये आहे आणि काळा पडला आहे.

नाटक संपल्यावर मामा विंगेत आले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि हात मागे पसरला. "झगा द्या." मी आडोशाला जाऊन साडी नेसले आणि झगा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी डागावरून एकदा बोट फिरवलं, घडी घातली आणि म्हणाले, "गाता चांगलं, मॅडम."

मॅडम. त्या दिवसापासून पुढची कितीतरी वर्षं मी मामांची मॅडमच राहिले. मी मंडळासाठी कपडे न्यायला जायचे, ते बरोबर माप द्यायचे, चहा सांगायचे, शेंगाची चटणी घरची आहे म्हणून पुडीत बांधून द्यायचे. पण मला पुन्हा कधी बसून दाखवायला सांगितलं नाही. दुसऱ्या बायकांना माझ्यादेखत सांगायचे. ते मला जितकं लागायचं तितकं कुणी चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तरी लागलं नसतं. माफी मागायला मी तीनदा दुकानाच्या पायरीपर्यंत गेले आणि तिन्ही वेळा दाढी-मिशा भाड्यानं घेऊन परत आले.

मग सिनेमावाले आले. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पुस्तक वाचलेला कुणीतरी निर्माता, मोठी नटी, तीन व्हॅन. मामांनी त्यांनाही सूप आणि दोरा सांगितला. दिग्दर्शक तरुण होता, भारावून गेला, मामांच्या पाया पडला. मामांनी किल्ली जानव्यापासून सोडली. त्या दिवशी दुकानात त्यांनी मला बोलावून चहा पाजला, इतके खूश होते. "ह्यो पोरगा करनार बगा," म्हणाले.

शूटिंग त्यांच्याच गल्लीत झालं. पण विडी दिसली की पडद्यावर तंबाखूची सूचना टाकावी लागते, आणि सिस्टर विडी वळते म्हटल्यावर कोण काय बोलेल सांगता येत नाही, म्हणून निर्मात्यानं विड्या काढून टाकल्या. गल्लीतल्या बायकांना नथी घातल्या आणि हातात फुलं दिली. सगळ्या गजरे करत बसल्या. मामा कॅमेऱ्यामागे उभे होते. ते पुढे होऊन इतकंच म्हणाले, "आमच्या अम्मानं जन्मात गजरा केलं न्हाय, ओ." त्यांना खुर्ची दिली गेली.

तो सिनेमा इथल्या थिएटरात लागला तेव्हा निर्मात्यानं एक खास खेळ ठेवला, आणि खऱ्या सिस्टरला आणलं. ती जिवंत आहे हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. दक्षिणेत म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात होती. पंच्याऐंशीच्या पुढची, चाकाच्या खुर्चीत, इवलीशी. पडद्यावर तिची नटी हजार मेणबत्त्यांत पियानोपाशी उभी राहून गायली. ती रिकामी जागा आली आणि तिच्यात पन्नास व्हायोलिनं वाजली. मी शेजारी मामांकडे बघितलं. ते खाली मान घालून आपल्या नखांकडे बघत होते. मी स्वतः घेतलेली तान मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आली.

खेळ संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. मी मामांना खुर्चीपाशी नेलं. मामा, जे बँकेच्या मॅनेजरला तीन वेळा बसवायचे, ते लहान पोरासारखे हात बांधून उभे राहिले. त्यांनी आपल्या आईचं नाव सांगितलं.

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. तिची मराठी गंजली होती, पण होती. "शेंबूड पुसत नव्हता तो?" ती म्हणाली. "माझ्यापुढे बसायचा. सगळा वेळ माझं तोंड बघायचा."

"व्हय," मामा म्हणाले. आणि मग एकदम, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर यावं तसं, "सिस्टर, तुमी सांगा ह्यांना. त्या गान्यात तुमी थांबत होता, ते दातात दोरा होता म्हनून थांबत होता का न्हाय? मी सगळ्यास्नी सांगून दमलो."

सिस्टर हसली. तिला दात नव्हतेच.

"दोरा होता," ती म्हणाली. "पण माझ्या दातात नाही. मला दातानं कधी जमलं नाही, मी कात्री घ्यायची. दोरा तुझ्या आईच्या दातात."

मामांचे बांधलेले हात सुटले.

"गाणं तिचं होतं," सिस्टर सांगत राहिली. "मला तेलुगू कुठे येत होतं? दर वेळी कुणाला घरी बोलवायचं ते ती तिथेच ठरवायची. वासरू. मग कोंबडी. मग तुझा बाप, मग शेजारणीचं पोर. ती हळूच नाव सांगायची, मग मी मोठ्यानं गायची. तिचा आवाज खोकल्यानं गेला होता ना. तिच्या दातात दोरा असला की नाव यायचं नाही. मी थांबायची." आणि तिनं ते गाऊन दाखवलं. आवाज कापत होता, सूर इकडेतिकडे जात होता. 'रा' म्हणाली आणि थांबली, आणि थांबल्याबरोबर तिची मान डावीकडे वळली, खाली, जिथे कुणी जमिनीवर बसलेलं असेल तिथे. इतक्या वर्षांनंतरही ती मान आपोआप वळली, आणि काही ऐकू येईना म्हणून ती तशीच बघत राहिली.

घरी जाताना रिक्षात मामा कॉलरच्या सुईतला दोरा बोटाला गुंडाळत बसले. मला वाटलं, म्हातारा खचला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या आणि आईचा दोरा स्वतःच दुसरीच्या दातात दिला. उतरताना ते म्हणाले, "मी तिच्याकडं बगितलोच न्हाय. रोज घरात हाय म्हनून." मामांच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं ते तेवढंच.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. दुकानात ये म्हणाले. गेले तर काउंटरवर झगा काढून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी.

"माज्याकडं किती डरेस हायत म्हायताय?" त्यांनी विचारलं. "राजं हायत, देव हायत, राक्षस, पोलीस, वकील. इंग्रज साहेब हाय टोपीसकट. विडीवाली बाई न्हाय. चाळीस वर्सांत कुनी मागितलीच न्हाय. आनि मला बी सुचलं न्हाय."

पुढचा महिनाभर ते आईचं लुगडं शोधत होते. हिरवं, एवढंच त्यांना आठवत होतं. कुठला हिरवा, यावर त्यांनी गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांशी भांडण काढलं. शेवटी एका आजीच्या ट्रंकेत त्या हिरव्याचा तुकडा सापडला. तो घेऊन त्यांनी एका ओळखीच्या विणकराला बसवला आणि तसं सूत रंगवून लुगडं विणवून घेतलं. मला बोलावलं. दुकानात शिरल्याबरोबर त्यांनी ते लुगडं माझ्या खांद्यावर टाकलं. मामांना एक नवं नाटक करायचं होतं, लहानसं, तास-दीड तासाचं, आणि सिस्टर मी नव्हते. सिस्टर नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती, जिला गाणं बेताचंच यायचं. मी अम्मा होते.

"मामा, त्या वेळी मी..." मी सुरुवात केली. बावीस वर्षं तोंडात अडकलेलं होतं ते.

"ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बसून दाखव, पोरी."

मी फरशीवर बसले. त्यांनी खाली वाकून माझा एक गुडघा उभा केला, दुसरा पाय दुमडून दिला आणि सूप दोन्ही पायांमध्ये अडकवलं. "आशी," म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले.

प्रयोग कुठल्या स्पर्धेत नव्हता. त्यांच्याच समाजाच्या मंगल कार्यालयात, दुपारी चार वाजता केला, कारण बायकांना तेव्हा सवड होते. सवड म्हणजे काय, त्या सुपं घेऊनच आल्या. पुढच्या खुर्च्या काढून खाली बसल्या आणि नाटक बघता बघता विड्या वळू लागल्या. सगळ्या हॉलभर पानं कापायच्या कात्र्यांचा आवाज. मामा सवयीनं तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर.

गाणं आलं. मुलगी माझ्या उजवीकडे झगा घालून बसली होती, मांडीवरचा डाग तसाच. मी हळूच म्हणाले, नल्ल दूडा. ती मोठ्यानं गायली. दुसऱ्यांदा कोंबडी. तिसऱ्या वेळी मला मामांचं लहानपणचं नाव घ्यायचं होतं, तसं आम्ही ठरवलं होतं, त्यांना न सांगता. मी दोरा दातात धरला आणि ओढला. तो तुटला नाही. मामांनी चांगला पिळाचा दोरा दिला होता. मी पुन्हा ओढला. मुलगी 'रा' म्हणून थांबलेली, मान डावीकडे, माझ्याकडे. शिकवल्याप्रमाणे ती थांबूनच राहिली. दोन श्वास झाले, चार झाले. खालच्या कात्र्या एकेक करून बंद पडल्या.

तिसऱ्या रांगेत मामा उठले. मला वाटलं, आता हे वर येणार आणि माझ्या तोंडातला दोरा कापून परत जाणार. दोन पावलं ते आलेसुद्धा. मग बायकांच्या ओळीपाशी थांबले.

"अम्मा," ते म्हणाले.

मुलीनं गोंधळून माझ्याकडे बघितलं. दोरा तोंडात तसाच धरून मी मान हलवली. तिनं श्वास घेतला आणि गायली, "रा... अम्मा, इंटिकी रा."

मामा खुर्चीकडे परत गेले नाहीत. तिथेच खाली, सुपं घेतलेल्या बायकांच्या ओळीत, एक गुडघा उभा धरून बसले.